पट, फासे आणि रंगवलेले शिपाई: ठाणे-नवी मुंबईत हा छंद सुरू करताना

बोर्डगेम आणि मिनिएचर वॉरगेमिंगचा छंद सुरू करायचा असेल तर आधी माणसं जमवा, मग खेळ निवडा आणि सामानाची खरेदी सगळ्यात शेवटी करा. बरेच जण नेमकं उलट करतात. व्हिडिओ बघून दोन-तीन मोठी खोकी मागवतात, ती कपाटावर चढतात आणि प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न फाटता तिथेच राहतात. चार माणसं आणि ठरलेली वेळ असेल, तर एका खोक्यावर सहा महिने मजेत निघतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी दोन्ही प्रकार थोडक्यात समजून घेऊ. बोर्डगेममध्ये लागतं ते सगळं खोक्यात मिळतं. पट मांडायचा, पत्ते पिसायचे, दीड-दोन तासांत डाव संपतो. मिनिएचर वॉरगेममध्ये इंच-दीड इंच उंचीचे शिपाई असतात. ते आपण जोडायचे, आपणच रंगवायचे आणि टेबलावर उभारलेल्या डोंगर-झाडी-घरांमधून टेप लावून, इंचांत मोजून पुढे सरकवायचे. टेबलावर पटासारखे चौकोन आखलेले नसतात. कोण कुठून दिसतो, किती लांब आहे, कशाच्या आडोशाला आहे, यावर फाशांचा निकाल ठरतो. याची मुळं प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात आहेत. १८२४ साली रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ तिथल्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला आणि प्रशिक्षणासाठी तो स्वीकारला गेला. पुढे १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांनी लढाया खेळायचे नियम छापले. आज जगभर सर्वाधिक ओळखीचं नाव म्हणजे गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचं वॉरहॅमर. ते १९८३ चं, आणि त्याची दूरच्या भविष्यात घडणारी आवृत्ती, वॉरहॅमर ४०,०००, १९८७ ची.

आपल्याकडे पटावरचे खेळ काल आलेले नाहीत. सारीपाट आहे, कवड्या आहेत, सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते असतात. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ‘हे काय परदेशी खूळ’ म्हटलं तर वाद घालू नका, त्यांना डावात बसवा. मेंढीकोटात पन्नास वर्षं मुरलेली माणसं हातचे पत्ते लक्षात ठेवण्यात तुमच्या पुढे असतात.

माणसं आणि वेळ

चार जण पुरतात, पाच असतील तर उत्तम, कारण एखाद्याला दर वेळी काही ना काही काम निघतंच. सुरुवात सोसायटीतून करा. नोटीस बोर्डावर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाका: ‘रविवारी दुपारी बोर्डगेम खेळणार आहोत, कोणाला यायचंय?’ ऑफिसमधला एखादा, शाळेतला जुना मित्र आणि कॉलेजात जाणारी भाची, असा मिश्र गट सगळ्यात टिकतो. वयाची अट घालू नका. फक्त तीन वर्षांखालची मुलं असलेल्या घरात लहान सोंगट्या सांभाळा, त्या थेट तोंडात जातात.

ठाण्याचा आणि नवी मुंबईचा गट एक होऊ शकतो, हे आपल्या भागाचं मोठं सुख आहे. ट्रान्स-हार्बर लोकलमुळे ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, पनवेल, सगळीकडून ठाण्याला गाडी न बदलता येता येतं. मात्र रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी वेळापत्रक बघून मगच वेळ पक्की करा, नाहीतर निम्मा गट तुर्भ्याला अडकतो. शिपायांचा डबा घेऊन प्रवास करायचा असेल तर गर्दीची वेळ टाळा. डबा पाठीवर नको, मांडीवर घ्या.

‘जमेल तेव्हा भेटू’ म्हटलं की कधीच भेटणं होत नाही. महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार, दुपारी तीन ते सात, असं काहीतरी ठरवून टाका आणि तीनच जण आले तरी खेळा. जागा घरातली चालते. ज्येष्ठ नागरिकांची बैठक नसेल त्या वेळी सोसायटीचा हॉल मिळू शकतो. त्यासाठी सेक्रेटरींना आधी भेटून काय करणार आहोत ते सांगा. पत्ते आणि फासे म्हटल्यावर पहिली शंका जुगाराची येते, आणि ती एकदा खोकं उघडून दाखवलं की मिटते.

बोर्डगेम कॅफेचा उपयोग वेगळा आहे. तासाच्या हिशोबाने पैसे घेऊन ते खेळ काढून देतात आणि बरेचदा नियमही समजावतात. विकत घ्यायच्या आधी खेळ तिथे एकदा खेळून बघा. शनिवार-रविवारी समजावणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून आठवड्यातली संध्याकाळ निवडा.

पहिला खेळ कोणता

पहिला खेळ तासाभरात संपणारा असावा आणि त्यात वाचायला कमी असावं. माझी पहिली शिफारस अझूल. २०१७ चा खेळ, दोन ते चार जणांचा. रंगीत फरशा उचलून आपल्या पाटीवर नक्षी भरायची. फरशांवर एक अक्षर नाही, त्यामुळे आजी आणि नात एकाच डावात बसतात. दुसरी शिफारस कार्कासोन, २००० सालचा. ७२ चौकोनी तुकडे एकेक करून लावत जायचं, रस्ते, शहरं आणि शेतं तयार होतात, आणि आपला माणूस कुठे उभा करायचा तो निर्णय आपला. पहिल्या दोन-तीन डावांत शेतांचे गुण मोजूच नका, नवख्यांचा सगळा गोंधळ तिथेच होतो.

ज्या घरात हरल्यावर अबोला होतो तिथे पँडेमिक आणा. २००८ च्या या खेळात सगळे एका बाजूला आणि रोगाची साथ दुसऱ्या बाजूला असते, त्यामुळे जिंकायचं किंवा हरायचं ते सगळ्यांनी मिळून. एकच पथ्य पाळा: जाणत्याने इतरांच्या खेळी ठरवू नयेत. त्याने सगळ्यांच्या वतीने बोलायला सुरुवात केली की बाकीचे तिघे नुसते प्रेक्षक होतात.

कटान हा १९९५ चा जर्मन खेळ अजूनही बहुतेकांचा पहिला खेळ असतो, आणि तो चांगलाच आहे, पण तीन किंवा चार जणच हवेत. त्यात आकडे असलेल्या शेतांवर घरं बांधायची असतात आणि फाशांवर तो आकडा पडला की माल मिळतो, म्हणून जागा निवडताना दोन फाशांचं गणित डोक्यात ठेवा. ३६ शक्यतांपैकी सहा वेळा सात पडतात, सहा आणि आठ प्रत्येकी पाच वेळा, आणि दोन किंवा बारा फक्त एकेकदा. बारा आकड्याच्या शेतावर घर बांधून पाऊस पडायची वाट बघत बसू नका.

आठ-दहा जण जमले तर कोडनेम्स. पटावर पंचवीस शब्द पाच बाय पाच मांडलेले असतात आणि एका शब्दाच्या इशाऱ्यावरून आपल्या संघाला आपले शब्द ओळखायचे असतात. खोक्यातले शब्द इंग्रजी असतात, पण ते बाजूला ठेवून मराठी चिठ्ठ्या करा. मान, भाव, पाट, माळ, कर असे दोन-तीन अर्थांचे शब्द वेचून काढा, खेळ दुप्पट रंगतो. शंभर चिठ्ठ्या लिहायला एक संध्याकाळ लागते आणि त्या कित्येक वर्षं पुरतात.

थोडा अनुभव आला की आपल्याकडे तयार झालेले खेळही बघा. झैन मेमन यांनी रचलेल्या ‘शासन’ मध्ये निवडणुकीचं राजकारण खेळायला मिळतं. डाव लांबतो आणि आवाज चढतात, म्हणून तो पहिल्या दिवशी नको.

खरेदी करताना नकली खोक्यांपासून सावध राहा. ओळखीचा खेळ नेहमीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात मिळत असेल तर पत्ते पातळ, रंग फिके आणि तुकडे कमी निघण्याची शक्यता फार. त्यापेक्षा गटातल्या चौघांनी चार वेगवेगळे खेळ घ्यावेत आणि आळीपाळीने आणावेत.

नियम समजावण्याची रीत

नवा माणूस पुन्हा येईल की नाही, हे पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं, आणि ती पंधरा मिनिटं नियम समजावण्याची असतात. म्हणून ज्याच्या घरी खोकं आहे त्याने आदल्या रात्री पट मांडून, दोन्ही बाजूंनी एकट्याने दोन फेऱ्या खेळून बघाव्यात. नियमपुस्तिका हातात धरून सगळ्यांसमोर वाचत बसू नये.

सांगताना मराठीत सांगा, आणि आधी शेवट सांगा: जिंकतं कोण आणि डाव संपतो कधी. मग आपली पाळी आली की काय काय करता येतं ते. मग एक फेरी पत्ते उघडे ठेवून खेळा. अपवाद आणि खास पत्ते ज्या वेळी समोर येतील त्याच वेळी समजावा. नवख्याने चुकीची खेळी केली तर ती त्याच पाळीत परत घेऊ द्या. आणि पहिल्या डावात, जाणत्या खेळाडूंनो, जिंकण्यासाठी जिवाचं रान करू नका.

खाण्याचं आधीच ठरवा. मिसळ हाणायची तर डावाआधी किंवा डावानंतर. तर्रीचा एक थेंब पत्त्यावर पडला की तो पत्ता कायमचा ओळखू येतो. टेबलावर चालतात ते शेंगदाणे, फुटाणे आणि झाकणाच्या बाटलीतलं पाणी.

शिपायांकडे वळताना

दोन-तीन महिने बोर्डगेम खेळून झाले आणि हात शिवशिवू लागले की मिनिएचरकडे या. इथे खर्चही जास्त आणि कष्टही, म्हणून लहानात लहान सुरुवात करा. ज्या खेळात प्रत्येकाचे पाच ते दहाच शिपाई असतात, असे चकमकीचे खेळ निवडा. वॉरहॅमरच्या जगातला किल टीम तसा आहे. फ्रॉस्टग्रेव्ह हा २०१५ चा खेळ तर कोणत्याही कंपनीचे शिपाई चालवून घेतो: एक जादूगार, एक शिष्य, आठ सोबती. वन पेज रूल्स या नावाच्या खेळांचे मूळ नियम फुकट उतरवून घेता येतात आणि काही पानांतच संपतात. असे खेळ ३०-३६ इंचांच्या जागेत बसतात, म्हणजे आपल्या वन बीएचकेतलं जेवणाचं टेबल पुरेसं आहे.

कोणता खेळ घ्यायचा याचं उत्तर इंटरनेटवर शोधू नका. तुमच्यासमोर बसणारा माणूस जो खेळणार आहे, तोच घ्या. दोघांनी मिळून एक खोकं घेऊन निम्मे-निम्मे शिपाई वाटून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. परदेशातून मागवलंत तर पोस्टेजबरोबर कस्टम ड्युटीही हिशोबात धरा.

घरीच शिपाई छापण्यासाठी रेझिनचा, म्हणजे पातळ रसायन घट्ट करून वस्तू बनवणारा, थ्रीडी प्रिंटर घ्यायचा मोह सुरुवातीला आवरा. न सुकलेलं रेझिन हाताला लागू द्यायचं नसतं, त्याला वास आणि वाफा असतात, धुवायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागतं. लहान मुलं झोपतात त्या खोलीत हे काम करूच नये.

जोडणं आणि रंगवणं

या छंदाचा अर्धा आनंद इथे आहे. कित्येक जण फक्त रंगवतात, खेळत नाहीत, आणि तेही शंभर टक्के या छंदातलेच.

प्लास्टिकचे भाग चौकटीत आलेले असतात. हाताने पिळून तोडू नका, छोट्या निपरने कापा आणि उरलेलं टोक बारीक पॉलिश पेपरने घासा. प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट लावा, ते दोन्ही तुकडे विरघळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनला मात्र फेवीक्विकसारखा सुपरग्लूच लागतो.

मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर. त्याशिवाय रंग धरत नाही, नखाने निघून येतो. स्प्रेचा डबा दोन मिनिटं नीट हलवा, वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब धरा आणि लहान लहान झटक्यांत फिरवा. हे गच्चीवर, मास्क लावून करा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत स्प्रे मारू नका. दमट हवेत थर दाणेदार आणि पांढुरका बसतो, आणि शेवटी मारायच्या मॅट वार्निशचं तर हमखास तसं होतं. रंगवून झालेल्या शिपायावर धुकं साचल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात प्रायमर आणि वार्निश दोन्ही ब्रशने लावायचे मिळतात, ते घ्या. एरवी स्प्रे करायचं काम डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या सकाळी एकदम उरकून ठेवा.

रंग ॲक्रिलिक. वायेहो किंवा सिटाडेलचे मिनिएचरसाठीचे रंग बारीक दळलेले असतात आणि पातळ थरातही झाकतात. पण सुरुवातीला पूर्ण संच नको. काळा, पांढरा, तपकिरी, त्वचेचा रंग, चंदेरी आणि तुमच्या सैन्याचे दोन मुख्य रंग, एवढ्यावर दहा शिपाई होतात. कॅम्लिन किंवा फेविक्रिलचे रंग टेबलावरच्या डोंगर-घरांसाठी उत्तम आहेत. शिपायांवरही चालतात, फक्त पाणी घालून पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या. जाड थराने चेहऱ्याचे नाक-डोळे बुजतात.

ब्रश शून्य-शून्य-शून्यचा, म्हणजे अगदी बारीक, घेऊ नका. त्यात रंग मावत नाही, टोकावरच सुकतो. एक नंबरचा, टोक छान जुळणारा ब्रश डोळेसुद्धा रंगवतो. मोठ्या भागांसाठी दोन नंबर आणि घासायच्या कामासाठी एखादा जुना चपटा ब्रश ठेवा. रंग पत्र्याच्या कडीपर्यंत चढू देऊ नका.

मे महिन्यात पंख्याखाली प्लेटवरचा रंग पाच मिनिटांत सुकतो. त्यावर उपाय ओली पॅलेट. एक पसरट झाकणाचा डबा घ्या, तळाला टिश्यू पेपरच्या तीन-चार घड्या ओल्या करून घाला, वर बेकिंगचा बटर पेपर पसरा आणि त्यावर रंग काढा. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला असतो. पाणी आठवड्याला बदला, नाहीतर बुरशीचा वास येतो.

क्रम असा ठेवा. आधी सगळे मूळ रंग सपाट भरून घ्या. मग वॉश, म्हणजे गडद, पाण्यासारखा पातळ रंग, सगळीकडे फिरवा, तो खाचांत साचतो आणि घड्या आपोआप उठून दिसतात. तो पूर्ण वाळला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग उंचवट्यांवरून हलका घासा. शेवटी पायाखालच्या चकतीवर फेविकॉल लावून चाळलेली वाळू चिकटवा, तिला तपकिरी रंग द्या आणि चकतीची कड स्वच्छ काळी करा. पहिल्यांदा रंगवणाऱ्याचाही शिपाई या चार गोष्टींनी टेबलावर देखणा दिसतो. पाच-पाचच्या गटाने रंगवा: पाचही जणांचे अंगरखे, मग पाचही जणांची पागोटी. एकट्याला पूर्ण करत बसलात तर दहावा शिपाई गाठेपर्यंत कंटाळा येतो.

टेबलावरचा मुलूख

दिवाळीत जिन्याखाली किल्ला केलेल्या कोणालाही टेरेन, म्हणजे टेबलावरचे डोंगर-झाडी-घरं करणं, शिकवावं लागत नाही. विटा रचून, वर पोतं टाकून, चिखल थापून, मोहरी पेरून आपण जे करत होतो तेच इथे लहान प्रमाणात करायचं. फरक एवढाच की हा मुलूख घडी करून कपाटात ठेवता आला पाहिजे, म्हणून डोंगर सुटे करा.

नव्या टीव्हीबरोबर किंवा फ्रिजबरोबर आलेला थर्माकोल टाकून देऊ नका. थर एकावर एक फेविकॉलने चिकटवा, चाकूने उतार काढा. त्यावर स्प्रे मारायचा मोह टाळा, स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. आधी फेविकॉल, पाणी आणि भिंतीचा रंग मिसळून जाड थर द्या. नारळाच्या काथ्याचे तुकडे उंच गवतासाठी, उकळलेल्या चहाचा पूर्ण वाळवलेला चोथा जंगलातल्या जमिनीसाठी, आइस्क्रीमच्या काड्या कुडाच्या भिंतींसाठी. चोथा उन्हात खडखडीत वाळवा, ओल राहिली तर बुरशी धरते. बाकीचं बारीकसारीक हार्डवेअरच्या दुकानात आणि ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात मिळून जातं.

पहिली लढाई: उंबरखिंड

परक्या ग्रहांवरच्या लढायांत मन रमत नसेल तर घराजवळची लढाई मांडा. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली. शायिस्तेखानाने पाठवलेली ही फौज घाट उतरून कोकणात चालली होती. दाट झाडी, अरुंद वाट, पुढचीही वाट अडलेली आणि मागचीही. खानाला शरण जाऊन, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. वॉरगेमसाठी हा प्रसंग उत्तम आहे, कारण इथे संख्येपेक्षा जमीन मोठी ठरली.

शिपाई विकत घ्यायची गरज नाही. जाड कार्डपेपरवर छापून किंवा काढून, घडी घालून उभे करा. चार फूट बाय अडीच-तीन फुटांचं टेबल घ्या. मधून लांबीच्या दिशेने वाट, दोन्ही बाजूंना डोंगर आणि झाडी. मुघलांचे वीस शिपाई एका टोकाकडून येतात, त्यांना दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं आहे, आणि ओझ्यामुळे ते एका पाळीत चारच इंच चालतात. मराठ्यांचे बारा शिपाई सहा इंच चालतात, पण सुरुवातीला पटावर नसतात. झाडीत अठरा पालथ्या चकत्या ठेवा, त्यातल्या बारांखाली एकेका शिपायाचा आकडा, सहा कोऱ्या. चकती उलटून तिथे शिपाई उभा करायचा आणि मारा करायचा. मारा बारा इंचांपर्यंत, फाशावर चार किंवा जास्त पडले तर नेम लागला, समोरचा झाडीत असेल तर पाच लागतात. मारा केलेला मराठा शिपाई पुढच्या पाळीत शत्रूच्या नजरेआड गेला तर पुन्हा चकती होतो. सोळा पाळ्यांत दहा मुघल शिपाई बाहेर पडले तर मुघल जिंकले.

मुघल बाजू कोणी घ्यायची यावर घोळ होतो. एकाच बैठकीत दोनदा खेळा, बाजू बदलून. खानाच्या बाजूने खेळताना समोरच्या अठरा चकत्यांकडे बघून पुढे पाऊल टाकावं की थांबावं हे कळेनासं होतं, आणि तेव्हा ती खिंड इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त समजते. मग नियम तुम्हीच बदला: मुघलांना घोडेस्वार द्या, मराठ्यांना वाट अडवायला ओंडके द्या. हेच टेबल वापरून पुढे १७३७ ची ठाण्याच्या किल्ल्याची मोहीम मांडता येईल. पोर्तुगीजांच्या हातातून मराठ्यांनी घेतलेला तो किल्ला आज कारागृहाच्या भिंतींच्या रूपात ठाण्यात उभा आहे.

पावसाळ्यातली राखण

आपली हवा कागदाची शत्रू आहे. पत्त्यांना प्लास्टिकचे स्लीव्ह घाला, निदान ज्या खेळात पत्ते सतत पिसले जातात त्यांना तरी. प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या आणि औषधांच्या डब्यांतून निघालेल्या साठवून ठेवा. खोकी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ओल तिथूनच येते, आणि एकावर एक रचण्यापेक्षा उभी ठेवा. शिपायांसाठी हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. चकतीखाली छोटं लोहचुंबक चिकटवून डब्याच्या तळाला पत्रा बसवला की प्रवासात ते हलत नाहीत. वापरायच्या आधी डब्यातला पत्रा रंगवून घ्या, नाहीतर जुलैपर्यंत गंज चढतो. ऑगस्टमध्ये एखाद्या उघडीप असलेल्या दुपारी सगळी खोकी उघडून पंख्याखाली तासभर ठेवा. त्या दिवशी गटाला बोलवा, म्हणजे उघडलेल्यांपैकी एखादा खेळ तिथेच मांडता येईल.